बीअरचे आंबणे आणि उष्णतामान



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेल्या या वसंत व्याख्यानमालेत बोलण्याची संधी मजसारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला मिळाली, याबद्दल मी चालकांचा आभारी आहे. माझी शाळा सातवीनंतर सुटली. पुढचे शिक्षण काही नगर वाचन मंदिरात झाले आणि बरेचसे मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांच्या दारात, पाळी सुटण्याची वाट पाहताना झाले. तेव्हा विद्वानाचे भाषण ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. एक कामाची गोष्ट मला जशी समजली तशी सांगतो.

विषयाचे नाव वाचून काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. म्हणून दोन गोष्टी आधीच स्पष्ट करतो. पहिली ही की, मी स्वतः पीत नाही. कामगारवस्तीत दारूने उद्ध्वस्त केलेली घरे मी पाहिली आहेत. दुसरी ही की, आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्यावाचून मद्य तयार करण्यास त्याच्या १२ व्या कलमाने मनाई केली आहे. घरच्या बादलीत घरच्यापुरती केलेली बीअरही त्यातून सुटत नाही. म्हणून हे भाषण ऐकून कोणी उद्या घरी भांडे मांडू नये. इंग्लंडात मात्र १९६३ पासून घरगुती बीअरला परवाना लागत नाही, आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ती मोकळी झाली. आपली अनेक मराठी मुले तिकडे हा छंद करतात. माझा एक भाचा मँचेस्टरजवळ राहतो. तो फोनवर या विषयाचे इतके प्रश्न विचारी, की माझ्या टाकीवरच्या कामगारांचे आणि त्याच्या बादलीचे दुखणे एकच आहे हे माझ्या ध्यानात आले. ते दुखणे म्हणजे उष्णतामान.

हा विषय आपल्या भगिनींना मुळीच नवा नाही. पौष महिन्यात विरजण लागत नाही, म्हणून दुधाचे भांडे आपण फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतो. वैशाखात तेच विरजण चार-पाच तासांत लागते आणि संध्याकाळपर्यंत आंबट होऊन पाणी सोडते. आंबोळीच्या पिठाचेही तेच. आपल्या शहरात नीरेची केंद्रे आहेत. नीरा पहाटे झाडावरून उतरवितात, मडक्याला आतून चुना लावतात, आणि ती गार ठेवूनच आपल्यापर्यंत आणतात. असे का? तीच नीरा उन्हात राहिली तर काही तासांत आंबते आणि तिची ताडी होते. एकाच रसाचे, केवळ ऊन लागले की सावली राहिली यावरून, एकीकडे लहान मुलाला द्यावयाचे पेय होते आणि दुसरीकडे मद्य होते. उष्णतामानाची सत्ता ही अशी आहे.

आता बीअर कशी होते ते थोडक्यात सांगतो. जव भिजवून त्यास मोड आणतात आणि ते वाळवितात. यास मॉल्ट म्हणतात. मॉल्ट भरडून सुमारे ६५ अंश सेंटिग्रेडच्या पाण्यात तासभर ठेवला म्हणजे त्यातील पिष्टाची साखर होते. हा गोड काढा हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळतात, मग निववितात, आणि त्यात यीस्ट टाकतात. यीस्ट ही एका पेशीची, डोळ्यांस न दिसणारी बुरशी होय. पाव फुगविते तीही हीच जात. ती साखर खाते आणि तिचा मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू करते. येथपर्यंत बहुतेक पुस्तके सांगतात. परंतु यीस्ट आणखी एक गोष्ट करते, आणि नवशिक्याच्या ध्यानात तीच राहत नाही. ती उष्णता निर्माण करते.

किती उष्णता? आपण हिशेबच मांडू. तो पाचवी-सहावीच्या मुलासही येईल. एक किलो साखर आंबली म्हणजे ढोबळमानाने १३४ किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. एक किलोकॅलरी म्हणजे एक लिटर पाणी एक अंशाने तापविणारी उष्णता. घरगुती बीअरचे भांडे २० लिटरचे धरा. त्यात सुमारे दीड किलो साखर आंबते. म्हणजे झाल्या जवळजवळ २०० किलोकॅलरी. त्या २० लिटरला वाटल्या, की दर लिटरला १० आल्या. याचा अर्थ, ही उष्णता बाहेर गेलीच नाही तर भांडे कोणी न तापविता आपोआप १० अंशांनी तापेल. प्रत्यक्षात आंबण्यास चार-पाच दिवस लागतात आणि तेवढ्यात बरीच ऊब भांड्याच्या अंगातून निघून जाते. तरीही ऐन जोरात असता भांड्याच्या पोटातील उष्णतामान खोलीपेक्षा तीन ते पाच अंशांनी अधिक असते. भाचा मला सांगे, "मामा, खोलीत वीसच अंश आहेत, मग बिघडते कसे?" मी म्हटले, "अरे, खोलीचे उष्णतामान खोलीला विचार. भांड्याला त्याचे स्वतःचे विचार."

भांडे जितके मोठे, तितके हे संकट मोठे. भांड्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर त्याचे पोट आठपट होते, पण अंग चौपटच होते. ऊब तयार होते ती पोटात, बाहेर जाते ती अंगातून. म्हणून तांब्यातले आंबवण आपोआप निवते, बादलीतले कोमट होते, आणि कारखान्याची टाकी चक्क तापते. मळीच्या टाकीत एक लाख लिटर वॉश असला आणि त्यात शेकडा १२ भाग साखर आंबली, तर वरच्याच हिशेबाने उष्णतामान १६ अंशांनी चढू पाहते. सकाळी ३० अंशांवर लावलेली टाकी कोणी थंड केली नाही तर ती ४६ कडे निघेल. यीस्ट तेथवर पोहोचतच नाही. ३५-३६ च्या पुढे ती थकू लागते आणि चाळिशी ओलांडल्यावर मरू लागते. साखर तशीच राहते आणि आंबट करणारे दुसरे जंतू माजतात. टाकी गेली, असे आमचे लोक म्हणतात.

बीअरमध्ये यीस्ट मेली नाही तरी चव मरते. एल जातीच्या यीस्टला साधारण १८ ते २० अंश मानवतात, लागर जातीच्या यीस्टला ८ ते १२. यापेक्षा फार ऊब मिळाली की यीस्ट घाईने वाढते आणि त्या घाईत नको ते पदार्थ करते. जड जातीचे मद्यार्क होतात. त्यांनी घसा जळतो आणि चवीला रंगाच्या थिनरची आठवण येते. काही सुगंधी पदार्थ होतात; त्यांतील एकाचा वास हुबेहूब पिकल्या केळ्याचा असतो. जर्मनीच्या गव्हाच्या बीअरमध्ये तो हवाच असतो, इतरत्र तो दोष ठरतो. उलट फार थंडावा झाला तर यीस्ट मध्येच झोपी जाते. मग ताज्या लोण्याला वास देणारा जो पदार्थ आहे, तोच बीअरमध्ये शिल्लक राहतो. लोण्यात तो आपल्याला प्रिय आहे, पण बीअरच्या पेल्यात तो कोणालाच नको असतो. म्हणून जाणते लोक लागर आंबत आली की शेवटी दोन दिवस तिला १६ ते १८ अंशांपर्यंत ऊब देतात, म्हणजे यीस्ट जागी होऊन तो पदार्थ स्वतःच खाऊन टाकते. आरंभी आवरावयाचे आणि शेवटी थोडे सैल सोडावयाचे, असा हा क्रम आहे. पहिले तीन दिवस सर्वांत महत्त्वाचे, कारण यीस्ट वाढते ती तेव्हाच आणि चवीचे बरेवाईटही तेव्हाच ठरते.

हे ज्ञान युरोपातील लोकांनी फार महाग शिकून मिळविले. बव्हेरियाच्या ड्यूकने १५५३ साली हुकूम काढला, की बीअर २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढ्याच काळात करावी. उन्हाळ्यात केलेली बीअर नासते एवढे त्यांना कळले होते. का नासते हे कळले नव्हते. म्हणजे आपली ही व्याख्यानमाला ज्या दिवसांत भरते, नेमक्या त्याच दिवसांत तिकडे चुली विझत. उन्हाळ्यासाठीची बीअर तळघरात ठेवीत, आणि हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापून त्या तळघरांत भरीत. थंडीत बर्फ कापणारे आणि तो वाहणारे ते हात कोणाचे होते, याचा उल्लेख इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सापडतो. पुढे १८७३ साली म्यूनिकच्या श्पाटेन बीअर कारखान्यात कार्ल लिंडे याने थंडावा निर्माण करणारे यंत्र बसविले. आज आपल्या स्वयंपाकघरात जो फ्रिज घुरघुरतो, त्याचा एक पूर्वज असा बीअरच्या टाकीसाठी जन्मास आला.

त्याच सुमारास बाकीची कोडीही सुटली. पाश्चरने १८७६ साली बीअरवर ग्रंथ लिहून, नासण्यामागे परके जंतू असतात हे दाखविले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेन याने १८८३ साली यीस्टची एकच पेशी वेगळी करून तिचा शुद्ध वाण वाढविला. शुद्ध बियाणे आणि हाती असलेले उष्णतामान, ही दोन मिळाली तेव्हा प्रत्येक खेपेस सारखीच बीअर होऊ लागली. आपल्या पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, आणि त्यात यीस्टचेही वाण जपले जातात. पिंपरीला १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले तेही बुरशीला टाकीत पोसूनच; उष्णतामान सांभाळण्याचे काम तेथेही चुकले नाही.

भाच्याच्या मँचेस्टरला लागूनच सॅल्फर्ड आहे. तेथे एका बीअरवाल्याच्या घरी १८१८ साली जेम्स जूल जन्मला. उष्णता आणि श्रम ही एकाच नाण्याची दोन रूपे आहेत, अमुक इतके काम केले म्हणजे अमुक इतकी उष्णता होते, हे त्याने पाणी घुसळून मोजून दाखविले. फॅरनहाइटच्या एका अंशाचा दोनशेवा भाग आपण वाचू शकतो असे तो सांगे, आणि विद्वानांस ते खरे वाटेना. पण ज्या घराचा धंदाच थर्मामीटरवर चालतो, त्या घरातील मुलास पारा वाचता यावा यात नवल ते काय? त्याचेच नाव आज उष्णता मोजण्याच्या एककास दिलेले आहे. धंद्यात काम करणाऱ्याच्या डोळ्यांतूनही शास्त्र जन्मास येते, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

कामगारांचा विषय निघालाच आहे, तर एक प्रकरण सांगतो. कारखान्याचे नाव सांगणार नाही. वर्ष दुष्काळाचे, महिना मे. एका आसवनीत लागोपाठ तीन टाक्या गेल्या. लाखो रुपयांचे नुकसान झाले आणि रात्रपाळीच्या चार कामगारांवर आरोपपत्र आले, की त्यांनी झोपा काढल्या, पाण्याचा व्हॉल्व्ह वेळेवर उघडला नाही. चौघांपैकी दोघे कायम, दोघे कंत्राटी. कंत्राटी दोघांना तर दुसऱ्या दिवशी फाटकातूनच परत पाठविले.

चौकशीत मी कामगारांच्या वतीने उभा राहिलो. मोठी कलमे काढून भांडण्यापेक्षा मी टाकीवरची नोंदवही मागितली. दर दोन तासांनी टाकीचे उष्णतामान, गार पाणी आत येतानाचे उष्णतामान आणि बाहेर जातानाचे उष्णतामान त्यात लिहिलेले असते. मी तीन आठवड्यांचे आकडे एका कागदावर उतरून काढले. आत येणारे पाणी एप्रिलमध्ये २६ अंश होते. मेमध्ये ते ३१ झाले होते, कारण पाण्याच्या टंचाईमुळे तेच ते पाणी पुनःपुन्हा फिरविले जात होते आणि निवविण्याचा मनोरा अपुरा पडत होता. दुसरे असे, की वॉश आणि पाणी ज्या पत्र्यांच्या कूलरमधून शेजारी-शेजारी वाहतात, त्यातून बाहेर पडणारे पाणी पूर्वी चार-पाच अंशांनी तापून येई. आता ते जेमतेम एक अंश तापून येत होते. याचा अर्थ, पाणी वाहत होते, पण टाकीची ऊब उचलीत नव्हते. कूलरचे पत्रे गाळाने भरले होते. ते उघडून साफ करावे अशी लेखी मागणी याच कामगारांनी महिन्यापूर्वी केलेली होती, आणि ती त्याच वहीत तारखेसह नोंदलेली होती. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता. झोपलेल्या माणसाने दर दोन तासांनी वेगवेगळे आकडे कसे लिहिले, या माझ्या प्रश्नास उत्तर आले नाही.

चौघांवरचे आरोप मागे घेतले गेले. कंत्राटी दोघांना परत घेण्यास मात्र आणखी पाच महिने लागले आणि फाटकावर बसावे लागले. त्या पाच महिन्यांत एकाच्या मुलीचे कॉलेज सुटले. ते पुन्हा सुरू झाले नाही. हे मी मुद्दाम सांगतो. थर्मामीटरच्या एका अंशाने बीअरची चव बदलते, हे छंदाचे बोलणे झाले. त्याच अंशाने कोणाचा तरी पगार, कोणाची तरी अब्रू ठरते, ही धंद्यातली गोष्ट आहे. ज्याला आकडा वाचता येतो आणि लिहिता येतो, त्याच्यावर खोटे बालंट आणणे अवघड जाते.

आता घरगुती भांड्याकडे परत येऊ. जेथे कायद्याने मुभा आहे तेथील आपल्या मुलांसाठी चार व्यवहारी गोष्टी सांगतो. यांतील बऱ्याचशा माझ्या भाच्याने करून पाहिलेल्या आहेत.

पहिली गोष्ट मोजण्याची. थर्मामीटर भिंतीवर टांगू नका. भांड्याच्या बाहेरून, मध्यावर तो चिकटवा आणि वरून जाड फडक्याची घडी बांधा, म्हणजे हवेचा स्पर्श होणार नाही आणि आतले खरे उष्णतामान एक अंशाच्या आतबाहेर कळेल. पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेवा.

दुसरी गोष्ट आरंभाची. १९ अंशांवर आंबवावयाचे असेल तर काढा १७ पर्यंत निववून मगच यीस्ट घाला. गाडी उतारावर लागण्याआधी ब्रेक लावावा, तसे हे आहे. एकदा आंबणे जोरात सुरू झाले की २० लिटर मागे ओढणे फार कठीण.

तिसरी गोष्ट थंड करण्याची. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे भांडे पाण्याने भरलेल्या मोठ्या घमेल्यात किंवा टबात उभे करणे. पाण्याचा साठा वाढला की उष्णतामानाचे चढउतार मंदावतात. त्या पाण्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळी दोन, संध्याकाळी दोन टाकाव्यात. भांड्याला सुती कापड गुंडाळून त्याची टोके पाण्यात सोडली आणि समोर पंखा लावला, तर आपला माठच तयार झाला. मात्र माठाचे बळ हवेच्या कोरडेपणात आहे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा ३८ अंश असते आणि आर्द्रता शेकडा २० च्या आसपास असते. तेव्हा ओल्या फडक्याचा पारा २१-२२ पर्यंत उतरतो. जुलैत हवा २६ अंशच असते, पण ती पाण्याने इतकी भरलेली असते, की ओले फडके दोन-तीन अंशांपलीकडे काही करीत नाही. सिमल्याहून १९२८ साली शिवाजीनगरला आलेल्या आपल्या वेधशाळेत कोरडा पारा आणि ओला पारा शेजारी-शेजारी ठेवतात तो याच कारणाने. म्हणजे ज्या मे महिन्याला आपण भितो, त्यात माठ उपयोगी. आणि ज्या श्रावणाला आपण गार म्हणतो, त्यात तो निरुपयोगी.

खर्चाची तयारी असेल तर जुना फ्रिज घ्यावा आणि त्याच्या विजेच्या वाटेत उष्णतामानाचा नियंत्रक बसवावा. नियंत्रकाची काडी भांड्याच्या अंगाला, फडक्याखाली लावावी. ती मोकळ्या हवेत टांगली तर हवा गार झाली की फ्रिज बंद पडतो आणि भांडे आत तापतच राहते. एका अंशाची मोकळीक ठेवावी. फार काटेकोर धरले तर कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होऊन लवकर निकामी होतो.

चौथी गोष्ट वाणाची. रान बदलता येत नसेल तर शेतकरी बियाणे बदलतो. नॉर्वेच्या खेड्यापाड्यांतून शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले 'क्वेइक' नावाचे यीस्टचे वाण आहेत. त्यांतील काही ३५ अंशांच्या पुढेही स्वच्छ चवीची बीअर देतात. थंड देशातील शेतकऱ्यांनी उष्ण देशाला उपयोगी पडणारा वाण राखून ठेवावा, हा एक गमतीचा योग आहे. ज्याला थंडावा परवडत नाही, त्याने आपल्या हवेला मानवणारी यीस्ट निवडावी.

आपल्या पुण्यात परवान्याने हा धंदा चालतोच. २००९ साली येथे 'डूलाली' नावाची छोटी बीअरशाळा निघाली, आणि तिच्यामागून पुष्कळ निघाल्या. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत गोरे शिपाई तेथील छावणीत पडून राहत. त्यांतील काहींचे डोके फिरे, म्हणून डोके फिरण्याला इंग्रजीत तो शब्द रूढ झाला. अशा बीअरशाळांत दुहेरी भिंतीच्या टाक्या असतात आणि मधल्या पोकळीतून गार पाणी फिरते. काचेपलीकडे त्या चकचकीत टाक्या पाहिल्यात, तर त्यांच्या अंगावरचा छोटा आकडाही पाहा. आणि रात्री दोन वाजता तो आकडा पाहणारा एक माणूस तेथे असतो, हेही ध्यानात ठेवा.

आता शेवटची आणि जिवाची गोष्ट. दीड किलो साखरेतून सुमारे ४०० लिटर कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. तेव्हा आंबते भांडे कधीही घट्ट बंद करू नये. वायूला वाट हवी. थंडीने आंबणे मध्येच थांबले असता ते संपले असे समजून कोणी बाटल्या भरल्या, तर पुढे ऊब लागताच त्या बाटल्या फुटतात आणि काचा डोळ्यांत जातात. कारखान्यात तर याहून भयंकर घडते. हा वायू हवेपेक्षा जड, रंगाविना, आणि रिकाम्या दिसणाऱ्या टाकीच्या तळाशी तो बसून राहतो. टाकी धुण्यास एक माणूस उतरतो आणि कोसळतो. त्याला काढण्यास दुसरा धावतो, तोही कोसळतो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३६ व्या कलमाने अशा टाकीत शिरण्यावर बंधने घातली होती: आत वायू नाही असा जाणकाराचा लेखी दाखला हवा, नाही तर श्वसनाचे साधन, कमरेला पट्टा, आणि दोरीचे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. कायद्यांची नावे बदलतात, पण वायू काही बदलत नाही. दोर धरणारा माणूस वरती नसेल तर टाकीत उतरण्यास नकार द्यावा. आमच्या सभासदांना मी हे दर सभेत सांगतो, आणि आज आपल्यालाही सांगतो, कारण आपल्यापैकी कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी भाऊ अशा ठिकाणी कामास असेल.

मंडळी, माझे सांगणे दोनच वाक्यांत मावते. जे आंबते ते आपली ऊब आपणच निर्माण करते, म्हणून बाहेरच्या हवेवर विसंबू नये, भांड्याच्या पोटातील आकडा पाहावा. आणि जो आकडा पाहतो त्याने तो स्वतःच्या हाताने, आपल्या भाषेत, तारीख-वेळेसह लिहून ठेवावा. आपल्यापैकी जे कारखानदार असतील त्यांना माझी विनंती आहे, की टाकीवरची नोंदवही मराठीत ठेवा, आणि पाळी सुटताना तिची एक प्रत कामगाराला मिळू द्या. त्यात तुमचेही हित आहे. टाकी जाण्यापूर्वी तीन आठवडे ती वही तुम्हाला सांगत असते. जे कामगार असतील त्यांना सांगतो, की वाचता येत नसेल तर निदान आकडे तरी शिकून घ्या. त्यास फार दिवस लागत नाहीत.